संस्थेची झोळी कोणाच्या खांद्यावर?

संस्था म्हटली की अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार अशी नावे डोळ्यांसमोर येतात. निधी म्हटला की मात्र एकटा चिटणीसच दिसतो. पावतीपुस्तक त्याच्या पिशवीत, देणगीदारांची नावे त्याच्या डोक्यात. बाकीचे सभासद टाळ्यांपुरते! निधी जमविणे हे एकट्याचे काम की साऱ्या संस्थेचे, हा प्रश्न मी येथे अभ्यासासाठी घेतला आहे.

आपल्या किनारपट्टीला हा प्रश्न परका नाही. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडील अनेक गावांची मंडळे मुंबईत असत. गिरणीत, गोदीत राबणारे चाकरमानी वर्गणी काढीत आणि त्यातून गावचे देऊळ, शाळा, वाचनालय यांना हातभार लागे. वर्गणी अनेकांची असली, तरी झरा एकच होता. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. जिथे घरची मनीऑर्डरच आटली, तिथे गावच्या वर्गणीची काय कथा? आमच्या गावच्या वाचनालयाचा बराचसा खर्च तर एकाच मुंबईकर सद्गृहस्थांकडून येई. ते वारले आणि दोन वर्षांत मासिके बंद पडली. गावात पैसा नव्हता असे नाही. मागण्याची सवय कोणाला नव्हती आणि देण्याचीही नव्हती.

या दृष्टीने आपल्याच जिल्ह्यातील एका थोर पुरुषाचा प्रयोग अभ्यासण्याजोगा आहे. विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे गावी झाला. घरच्या झाडाचा फणस उतरला की आई आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे वाटा पाठवी, मग मुलांना देई. ही आठवण ते पुढे सांगत. १९५१ साली पोचमपल्ली येथे भूदान सुरू झाले. चळवळ वाढली तसे कार्यकर्त्यांच्या निर्वाहासाठी गांधी स्मारक निधीतून साहाय्य मिळू लागले. सोय झाली खरी. पण जनतेचे काम जनतेच्या आधारावाचून चालू लागले. तेव्हा १९५६ च्या नोव्हेंबरात पळणी येथे 'निधिमुक्ती'चा निर्णय झाला. हे केंद्रीय साहाय्य सोडून कार्यकर्त्याने थेट लोकांवर विसंबावे, असा त्याचा अर्थ.

मग पोटाचे काय? पुढे विनोबांनी 'सर्वोदय-पात्रा'ची कल्पना मांडली. घरोघरी एक भांडे ठेवावे आणि त्यात रोज मूठभर धान्य टाकावे. तेही घरातील लहान मुलाच्या हाताने. मोठ्यांच्या मुठीत धान्य अधिक मावते, हे विनोबांना ठाऊक नव्हते काय? पण त्यांना धान्याइतकाच संस्कार हवा होता. माझ्या मते येथेच या विषयाचे मर्म आहे. निधी हे फळ असून देण्याची सवय हे झाड आहे.

अर्थात भांडे भरले तरी ते रिकामे करायला कोणीतरी दारी गेले पाहिजे. देणारे अनेक आणि गोळा करणारे मोजके, अशी स्थिती झाली तर उत्तम कल्पनाही हळूहळू मंदावते. म्हणून दुसरी दोन उदाहरणे पाहू.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. या संस्थेच्या शाळा-महाविद्यालये आज पनवेल-उरणकडेही आहेत. वसतिगृहातील मुलांसाठी 'मुष्टी फंडा'तून घरोघरचे मूठमूठ धान्य जमे. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मुलांच्या जेवणासाठी मोडले. मुले स्वतः श्रम करीत. म्हणजे संस्थापकाचे घर, गावची गृहिणी आणि खुद्द विद्यार्थी, सर्वांचा हात त्यात होता.

महर्षी कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाचे कार्य सुरू केले. तेथे पार्वतीबाई आठवले यांनी वर्गणीसाठी गावोगाव व्याख्याने दिली. त्या अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. त्या स्वतः विधवा होत्या, मोठेपणी शिकल्या होत्या. ज्या दुःखासाठी त्या मागत, ते त्यांनी भोगलेले होते. असा माणूस दारी आला की माहितीपत्रकाची गरज उरत नाही.

कोणी म्हणेल, मुठीमुठीने इमारत होत नाही. तिला मोठा दाताच हवा. हे खरे आहे. मोठ्या देणगीने भिंती उभ्या राहतात. परंतु रोजचा दिवा छोट्या वर्गणीवर जळतो. शिवाय शंभर घरे जिच्या पाठीशी आहेत, त्या संस्थेला मोठा दाता आपल्या मुठीत ठेवू शकत नाही.

या साऱ्यांतून मला दिसणारे नियम साधे आहेत. प्रत्येक सभासदाने आधी स्वतः द्यावे, मग मागावे. रक्कम रुपयाची असली तरी चालेल. मागणे ही भीक नसून कामाची ओळख करून देणे आहे, हे सर्वांनी समजून घ्यावे. हिशेब फळ्यावर लावावा. आणि देणाऱ्याला त्याच्या पैशाचे काय झाले हे, पुढची वर्गणी मागायला जाण्यापूर्वीच सांगावे.

आपले वाङ्मय मंडळ, राष्ट्रीय सेवा योजनेचे पथक, गावोगावची वाचनालये येथे हा प्रयोग करता येईल. येत्या वर्षी पावतीपुस्तक एका प्रतिनिधीच्या हाती न देता त्याची पाने वर्गावर्गांत वाटावीत. जमणारी रक्कम कदाचित तेवढीच राहील. पण पुढच्या वर्षी तो प्रतिनिधी उत्तीर्ण होऊन निघून गेला, तरी मंडळ बंद पडणार नाही.