संकेतापासून आलेखापर्यंत : एनएमआर विदेचे वाचन

रुग्णालयातील एमआरआय तपासणी आता बहुतेक कुटुंबांच्या परिचयाची झाली आहे. ज्या तत्त्वावर ती चालते, त्याच तत्त्वावर रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत रेणूची रचना ओळखली जाते. या पद्धतीस अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन, संक्षेपाने एनएमआर, असे म्हणतात. १९४६ मध्ये अमेरिकेत फेलिक्स ब्लॉख व एडवर्ड पर्सेल यांनी आपापल्या सहकाऱ्यांसह ही घटना स्वतंत्रपणे नोंदविली. १९५२ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्या दोघांना मिळाले.

या इतिहासात एका भारतीयाचेही स्थान आहे. १९५१ मध्ये आर्नोल्ड, एस. एस. धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी इथाइल अल्कोहोलमधील हायड्रोजनची तीन निरनिराळी शिखरे दाखविली. त्यांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर १:२:३ होते. रेणूच्या तीन भागांत हायड्रोजनचे अणूही तितकेच आहेत. धर्मट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या शाखेचा पाया घातला.

१९६६ मध्ये रिचर्ड अर्न्स्ट व वेस्टन अँडरसन यांनी नवी रीत मांडली. रेडिओलहरींचा एक क्षणिक स्पंद दिला की सर्व अणुकेंद्रके एकदमच प्रतिसाद देतात आणि हळूहळू विरत जाणारा एक मिश्र संकेत मिळतो. त्यातून प्रत्येक वारंवारता निराळी काढण्याचे काम फूरिये रूपांतर हे गणित करते. म्हणजेच यंत्रातून थेट शिखरे बाहेर पडत नाहीत. ती संगणकावर घडविली जातात. सॉफ्टवेअरचे महत्त्व येथून सुरू होते.

या घडणीच्या पायऱ्या आपण क्रमाने पाहू. प्रथम अनेक नोंदींची बेरीज केली जाते. नोंदी चौपट केल्या तर गोंगाटाच्या तुलनेत संकेत दुप्पट ठळक होतो. नंतर संकेताच्या क्षीण शेपटाचे वजन कमी करतात. त्यामुळे गोंगाट घटतो, परंतु शिखरे रुंदावतात आणि जवळजवळची दोन शिखरे एकच भासू शकतात. शेवटी शून्ये जोडल्याने आलेख गुळगुळीत दिसतो. मोजमापाचा काळ मात्र त्याने वाढत नाही. रूपांतरानंतर शिखरे सरळ उभी राहावीत म्हणून कला-दुरुस्ती आणि आलेखाची पायाभूत रेषा सपाट व्हावी म्हणून तळरेषा-दुरुस्ती करतात. ही तळरेषा चुकली तर क्षेत्रफळ चुकते आणि औषधातील अशुद्धीचे प्रमाणही चुकीचे निघते.

यांपैकी प्रत्येक पायरीवर कोणीतरी निवड केलेली असते. आज अनेक सॉफ्टवेअरमध्ये एका कळीसरशी सर्व पायऱ्या आपोआप पार पडतात. म्हणून निवड नाहीशी होत नाही, ती केवळ दृष्टिआड होते. १९९५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत फ्रँक डेलाग्लिओ, अॅड बॅक्स व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘एनएमआरपाइप’ या प्रणालीची रचना या दृष्टीने बोधप्रद आहे. तिच्यात प्रत्येक पायरीसाठी स्वतंत्र आज्ञा असते आणि एकीचे फलित पुढचीस मिळते. आज्ञांची यादी लिखित राहते. ती वाचून दुसरा अभ्यासक तीच प्रक्रिया पुन्हा करू शकतो, तपासू शकतो.

आम्ही इतिहासाचे अभ्यासक. मूळ पत्र आणि त्याचे संपादित वाचन यांत भेद करणे हा आमच्या विषयाचा पहिला धडा. एनएमआरमध्ये मूळ संकेत हे मूळ पत्र होय आणि आलेख हे त्याचे वाचन होय. वाचन आवश्यकच असते, परंतु मूळ पत्र नष्ट झाले तर वाद मिटविण्याचे साधनच उरत नाही.

औषधनिर्माण वा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाऊल ठेवणाऱ्या आपल्या मुलामुलींनी कोणताही सुबक आलेख हाती आला की तीन प्रश्न अवश्य विचारावेत : मूळ संकेत जपला आहे काय? त्यावर कोणत्या प्रक्रिया, कोणत्या मापाने केल्या? त्याच क्रमाने दुसऱ्याने काम केले तर हेच उत्तर येईल काय? हे प्रश्न विचारण्यास पदाची वा ज्येष्ठतेची अट नाही. प्रयोगशाळेत अगदी नवख्या विद्यार्थ्यालाही ते विचारता येतात, आणि त्यांची उत्तरे देणे ज्येष्ठांचे कर्तव्यच असते.