शुश्रूषकाचे पाच गुण : वसतिगृहातील मांजरांच्या निमित्ताने

आपल्या वसतिगृहात ज्यांनी शिक्षणाची वर्षे काढली, त्या माजी विद्यार्थ्यांना कोठीच्या खोलीतील मांजरे निश्चित आठवत असतील. इस्लामपूरच्या चहूबाजूंना ऊस आहे. तोडणी सुरू झाली, की शिवारातील उंदीर निवाऱ्यासाठी वस्तीकडे वळतात आणि जेथे ज्वारी-तांदळाची पोती रचलेली असतात तेथे ठाण मांडतात. त्यांच्यामागून मांजर येते. आमच्याकडील मांजरे कोणी विकत आणली नव्हती, कोणी मुद्दाम पाळलीही नव्हती. ती आली आणि राहिली. मुले आपल्या ताटातील दूधभात त्यांच्यापुढे ठेवीत, आम्ही ते कौतुकाने पाहत असू, आणि प्राणिमात्रांविषयीचे आपले कर्तव्य पार पडत आहे असे मानीत असू.

एका पावसाळ्यात हा समज गळून पडला. कोठीतील मांजरीला चार पिल्ले झाली होती. ती दोन महिन्यांची झाली असता त्यांतील एक मलूल झाले. ते ओकू लागले; पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसे, पण पाणी पीत नसे. दुसऱ्या दिवशी दुसरे पिल्लू आजारी पडले. हे पिल्लू खालच्या वर्गातील एका मुलाचे विशेष लाडके होते. त्याच्या अंगाला हात लावून त्या मुलाने ताप असल्याचे ताडले, आणि मुलांना ताप आल्यावर आम्ही जी गोळी देतो तिचाच अर्धा तुकडा कुस्करून त्याने दुधातून पिल्लाला पाजला. पहाटेपर्यंत पिल्लू गेले. त्याच आठवड्यात उरलेली तिन्ही गेली. पशुवैद्यांनी नंतर सांगितले, की पिल्लांना झालेला रोग लसीने टळण्याजोगा होता आणि ती गोळी तर मांजराला विषच होय. तो मुलगा कित्येक दिवस कोणाशी धड बोलला नाही. त्याचा अपराध काहीच नव्हता. त्याने दया दाखविली होती; त्या दयेला जी ज्ञानाची जोड हवी होती, ती आम्ही वडीलधाऱ्यांनी दिली नव्हती. ती उणीव काही अंशी भरून काढावी, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

महावग्गातील प्रसंग

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला पोटाचा विकार झाला होता आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तथागत आनंदांसह निवासस्थानांची पाहणी करीत तेथे आले. इतर भिक्खू तुझी सेवा का करीत नाहीत, असे त्यांनी विचारले. आपण इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते सेवा करीत नाहीत, असे त्या रुग्णाने सांगितले. तथागतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. त्यानंतर त्यांनी संघाला रुग्णसेवेचा उपदेश केला.

याच प्रकरणात उत्तम शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. तो औषध तयार करून देण्यास समर्थ असतो. रुग्णाला हितकर काय आणि अहितकर काय, हे तो जाणतो. मल, मूत्र, ओकारी काढताना त्याला किळस येत नाही. तो लाभाच्या आशेने नव्हे, तर मैत्रीचित्ताने सेवा करतो. आणि तो वेळोवेळी धम्मकथेने रुग्णाचे मन उल्हसित करतो.

हे गुण माणसाच्या शुश्रूषेसाठी सांगितलेले आहेत, हे खरे. परंतु करुणा ही माणसांपुरती असून मैत्री सर्व जीवमात्रांपर्यंत पोहोचते, असा भेद बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात स्पष्ट केला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांवरील दयेची व त्यांच्या पालनाची आहे. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात तर माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा यांचा उल्लेख एकत्रच येतो. म्हणून हे पाच गुण मांजराच्या निगेला लावून पाहणे अप्रस्तुत ठरू नये. घरातील एक मांजर असो वा वसतिगृह, विहार, पांजरपोळ अशा ठिकाणी आश्रयाला आलेली अनेक मांजरे असोत, कसोटी तीच आहे.

हितकर आणि अहितकर

मांजर हा मुळात मांसाहारी प्राणी आहे. टॉरीन नावाचा एक अन्नघटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही. तो त्याला मांस-मासळीतून मिळवावा लागतो. दीर्घकाळ तो न मिळाल्यास दृष्टी अधू होते आणि हृदय दुबळे होते. म्हणजे केवळ दूधभातावर ठेवलेले मांजर पोट भरूनही कुपोषित राहते. शिवाय बहुतेक मोठ्या मांजरांना दूध नीट पचत नाही आणि जुलाब होतात. आपल्यापैकी अनेक घरे शाकाहारी आहेत. तो आपला विवेक आहे. पण मांजरावर तो लादणे म्हणजे करुणा नव्हे. घरात मांस शिजत नसेल, तर बाजारात मिळणारे मांजरांचे तयार खाद्य द्यावे; त्यात टॉरीन घातलेले असते. मांस शिजत असेल, तर मीठ-मसाला न घातलेले, हाडे काढलेले उकडलेले तुकडे बाजूला ठेवावेत. मात्र केवळ अशा तुकड्यांवर मांजराला कायमचे ठेवू नये. आपल्या भागातील कांदा-लसूण मसाल्याचा रस्सा मांजराला कदापि घालू नये. कांदा आणि लसूण या दोहोंनी त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात.

अपथ्यांत पहिला क्रमांक पॅरासिटामॉलचा. माणसाचे यकृत हे औषध ज्या मार्गाने निकामी करते, तो मार्ग मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. त्यामुळे एक गोळी मोठ्या मांजराचाही जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसणे, तोंड सुजणे आणि धाप लागणे ही विषबाधेची चिन्हे होत. माणसाचे कोणतेही औषध पशुवैद्यांच्या सांगण्यावाचून मांजराला देऊ नये, हा नियम प्रत्येक मुलाला ठाऊक असावा.

दुसरे अपथ्य गोठ्यातील. म्हशीच्या गोचिडांवर फवारावयाचे किंवा कुत्र्यासाठी आणलेले औषध पिसवा मारण्यासाठी मांजराला चोळले जाते. त्यांतील पायरेथ्रॉइड वर्गाच्या पुष्कळ औषधांनी मांजराला थरथर सुटते, झटके येतात आणि ते दगावते. तिसरे अपथ्य फिनाईल. फरशी ओली असताना मांजर तिच्यावरून चालते, मग पंजे चाटते आणि विष पोटात जाते. चौथे अपथ्य उंदरांचे विष. झिंक फॉस्फाइडसारखे आमिष मांजर स्वतः खाऊ शकते. अन्य काही विषे खाल्लेला उंदीर खाल्ल्यानेही बाधा होते. म्हणून जेथे मांजर आहे तेथे विषारी आमिष ठेवू नये. धान्य पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या कोठ्यांत ठेवले, की विषाची गरजही कमी होते. सत्काराच्या पुष्पगुच्छांत हल्ली परदेशी लिलीची फुले येतात. त्यांचे परागकण जरी मांजराच्या पोटात गेले, तरी मूत्रपिंडे निकामी होतात.

यानंतर रस्त्याचा धोका. तोडणीच्या हंगामात पेठ-सांगली रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस धावतात. अंधार पडल्यावर मांजर आत घ्यावे आणि खिडक्यांना जाळी असावी.

औषध आणि लस

आमच्या पिल्लांना झालेला रोग पॅनल्युकोपेनिया नावाचा. तो विषाणूमुळे होतो आणि लस न घेतलेल्या पिल्लांत अतिशय घातक ठरतो. या रोगासह सर्दी-शिंकांचे दोन विषाणुजन्य रोग रोखणारी तीन रोगांची एकत्र लस मिळते. पहिली मात्रा सुमारे आठ आठवड्यांच्या वयात, नंतर दर तीन-चार आठवड्यांनी पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत, आणि पुढे पशुवैद्य सांगतील तेव्हा. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयापासून देतात. जंतांचे औषध पिल्लांना वजनानुसार आणि वारंवार द्यावे लागते.

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात बहुतेक काम गाई-म्हशींचे असते. मांजर नेण्यापूर्वी लसीची चौकशी केलेली बरी. आपल्या परिसराला एक आधार आणखी आहे. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्याच वाळवा तालुक्यातील येडेमच्छिंद्रचे सुपुत्र क्रांतिसिंह नाना पाटील यांचे नाव त्याला दिलेले आहे.

काही लक्षणांना उद्याची वाट पाहण्याची मुभा नसते. दिवसभर अन्नाला तोंड न लावणे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, सतत ओकणे आणि बोक्याने वारंवार वाळूत बसूनही लघवी न होणे. यांतील शेवटचे लक्षण बद्धकोष्ठाचे समजून सोडून दिले जाते. वास्तविक मूत्रमार्ग अडल्यास एक-दोन दिवसांत प्राण जातात.

माणसाच्या बाबतीतही जाणून असावे. मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. हळद, चुना, मिरची जखमेवर लावू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की रुग्ण बहुधा वाचत नाही. वेळेवर आणि पूर्ण घेतलेली लस मात्र वाचविते. वसतिगृहातील मुलाने शिक्षेच्या भीतीने चावा लपवू नये, इतका विश्वास त्याला आपल्याविषयी वाटला पाहिजे.

किळस न वाटणे

निगेचा मोठा भाग साफसफाईचा आहे. वाळूचे घमेले रोज स्वच्छ करावे. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्मजीव बाहेर पडू शकतो. पण तो रोगकारक होण्यास एक ते पाच दिवस लागतात. म्हणून रोजच्या रोज घाण काढणे हाच उपाय. घरात गर्भवती स्त्री असेल, तर हे काम दुसऱ्याने करावे; त्यासाठी मांजर घराबाहेर काढण्याचे कारण नाही. कच्चे मांस आणि न धुतलेली भाजी यांचाही धोका तेवढाच ध्यानात घ्यावा.

अनेक मांजरे एकत्र असतील तेथे शिस्त अधिक हवी. मांजरांच्या संख्येपेक्षा एक घमेले जास्त ठेवावे आणि ते अन्नापासून दूर असावे. नव्याने आलेले मांजर दोन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या वाटीसह ठेवावे. प्रथम निरोगी पिल्लांचे काम, नंतर मोठ्यांचे आणि अखेरीस आजारी मांजराचे. प्रत्येक वेळी हात धुवावेत. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू खोलीत वर्षभर टिकू शकतो आणि नेहमीच्या पुष्कळ जंतुनाशकांना दाद देत नाही. जागा आधी धुऊन घ्यावी. मग एक भाग ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी असे मिश्रण दहा मिनिटे राहू द्यावे, पुन्हा पाण्याने धुवावे आणि पूर्ण वाळल्यावरच मांजर आत सोडावे. आमच्या कोठीत त्यानंतर वर्षभर लस न घेतलेले एकही पिल्लू आम्ही येऊ दिले नाही.

लाभाची आशा न धरणे

हा गुण आम्हांला सर्वांत अवघड गेला. मांजर उंदीर मारते, म्हणून ते आम्हांला हवे होते. त्याची पिल्ले नको होती. पूर्वी एकापेक्षा अधिक वेळा ती पोत्यात घालून बाजाराच्या बाजूला सोडून देण्यात आली, हे येथे लपवीत नाही. उपयोगी पडत नाही म्हणून त्या रुग्ण भिक्खूकडे पाठ फिरविणारे आणि आम्ही, यांत फारसा फरक नव्हता. आईविना पिल्लू उपासमारीने मरते. उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हा प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये गुन्हाही आहे.

याला खरा उपाय नसबंदीचा. मांजरी चार-पाच महिन्यांच्या वयातही गाभण राहू शकते, गर्भ सुमारे नऊ आठवड्यांचा असतो आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा माजावर येऊ शकते. एकदा तरी व्यायला हवी, या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. उलट लवकर केलेल्या शस्त्रक्रियेने स्तनांच्या गाठींचा आणि गर्भाशयात पू होण्याचा धोका टळतो. बोक्यांची भांडणे आणि भटकंतीही कमी होते. त्यांच्या जखमांतून पसरणारे रोगही मग घटतात.

पुराच्या दिवसांत या गुणाची परीक्षा होते. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे कृष्णा-वारणेचे पूर आपल्या स्मरणात आहेत. त्या घाईत जनावरे सोडविली जातात, मांजर माळ्यावर राहून जाते. नदीकाठच्या घरांत झाकणाची, हवा खेळणारी एक करंडी तयार ठेवावी आणि मांजराला एरवीच तिच्यात निजण्याची सवय लावावी. पाणी अंगणात आल्यावर घाबरलेले मांजर हाती लागत नाही.

पाचवा गुण

मांजराला धम्मकथा सांगता येत नाही. त्याला शांतता, लपावयास एक खोके आणि ठरल्या वेळेचे अन्न मिळाले, की त्याचे मन स्वस्थ होते. परंतु शुश्रूषा करणाऱ्या मुलांचे मन उल्हसित ठेवणे हे आमचे काम आहे. त्या पावसाळ्यानंतर आम्ही वसतिगृहात एक वही केली. प्रत्येक मांजराचे वर्णन, लसीची तारीख, जंतांच्या औषधाची तारीख आणि नसबंदीची नोंद तीत असते. पहिली वही लिहिण्याचे काम आम्ही त्याच मुलाकडे सोपविले. पहिल्या पानावर त्याने, कोणी न सांगता, मांजराला न देण्याच्या वस्तूंची यादी लिहिली आणि त्या गोळीचे नाव सर्वांच्या वर घातले.

वही आजही कोठीच्या दाराशी खिळ्याला टांगलेली आहे. आता ती दुसरी मुले लिहितात; पहिले पान मात्र दर नव्या वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले जाते. माजी विद्यार्थ्यांनी भेटीस यावे तेव्हा ती अवश्य पाहावी, आणि आपल्या घरी मांजर असेल, तर तशीच एक वही आपणही सुरू करावी, एवढीच विनंती.