मेंढीचं दूध तिच्या तोंडात

बाळा, फलटणच्या निंबकर संस्थेनं काढलेली सुवर्णा मेंढी आणायचं तू मनावर घेतलंयस, मला बरं वाटलं. सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळं देण्याचा गुण त्यांनी दख्खनीत उतरवला. पण आपली दख्खनी बहुतेक वेळा एकच कोकरू देते, म्हणून चरून तिचं निभतं. जुळं झालं की रानातल्या चाऱ्यावर दूध पुरत नाही.

खुराक व्याल्यावर नाही, विण्याच्या दीड महिना आधी सुरू कर. मेंढी पाच महिने गाभण असते, पण पोटातलं कोकरू खरं वाढतं ते शेवटच्या दीड महिन्यात. कासही तेव्हाच तयार होते. त्याच दिवसांत कोकरू पोटात जागा अडवतं, त्यामुळे मेंढी नुसता कडबा भरपूर खाऊ शकत नाही. मक्याचा भरडा, सरकीची पेंड, तुरीची चुनी आणि थोडं मीठ असा पाव किलो खुराक रोज दे. व्याल्यावर जुळेवालीला अर्ध्या किलोपर्यंत ने, दोन वेळा वाटून. वाढवायचं ते आठ-दहा दिवसांत, हळूहळू. एका वर्षी माझ्या मेंढ्या मक्याच्या खळ्यात शिरल्या. संध्याकाळी पोटं टम्म फुगली, सकाळपर्यंत तीन गेल्या. त्यातली एक आठवड्यात विणार होती. तिची कास भरलेली होती, ती अजून डोळ्यांसमोर आहे.

आपल्या चोपडा तालुक्यात चारा विकत घ्यायची फारशी वेळ येत नाही. शेवटची वेचणी झाली की कपाशीचं रान मोकळं होतं, फक्त फवारणी कधी झाली ते मालकाला विचार. हरभऱ्याचं आणि तुरीचं भूस साठवून ठेव. बाभळीच्या वाळल्या शेंगा उन्हाळ्यात पोत्यानं गोळा कर, मेंढीला त्यासारखं दुसरं काही नाही. केळीचा खांब म्हणजे बहुतेक पाणीच, त्यावर दूध येत नाही. कापलेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात तर चुकूनही सोडू नकोस, त्यात विष असतं. गायी-म्हशींचं खनिज मिश्रण मेंढीला नको, त्यातलं तांबं तिला बाधतं.

पाणी मात्र मनसोक्त. मे महिन्यात पहाटे आणि संध्याकाळी चरायला ने, दुपारी निंबाखाली बसव. तहानलेली मेंढी दूध चोरत नाही, तिच्याकडे ते नसतंच.

कोकरू जन्मलं की सडातला चिकाचा खडा पिळून काढ आणि तासाभरात त्याला चीक पाज. मग रोज सकाळी कोकराच्या तोंडात बोट घाल. तोंड गार आणि पोट खपाटीला असेल तर ते उपाशी आहे, आईचा खुराक वाढव. मेंढीचं दूध गायीच्या दुधापेक्षा घट्ट, चहाला फार गोड लागतं, मला माहीत आहे. तरी महिनाभर कोकरांच्या वाट्याचं दूध काढू नकोस.