वाळूतली वाट

आपल्या नाशिकच्या सातपूर भागात महिंद्र कंपनीचा मोटारींचा कारखाना आहे. तेथे एक उंच, दणकट गाडी तयार होते. तिचे नाव थार. या नावाची पहिली गाडी 2010 साली आली. 2020 साली तिचे नवे रूप आले. आता थार हे नाव कशाचे? ते आहे राजस्थानातल्या वाळवंटाचे. गाडी नाशिकची, नाव मात्र वाळवंटाचे!

अशाच एका गाडीतून आम्ही त्या वाळवंटात जाऊन आलो. सहल म्हणून गेलो नाही. आपल्या जिल्ह्यात इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण येवला, नांदगाव या बाजूला उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. जैसलमेरला तर वर्षभरात दोनशे मिलिमीटरही पाऊस पडत नाही. म्हणजे पुरता एक वीतभरसुद्धा नाही. तरी तेथे माणसे राहतात, शेळ्या-मेंढ्या पाळतात. ती पाणी कसे राखतात, हे आम्हाला पाहायचे होते.

आम्ही चौघे होतो. गाडी चालवणारा भाऊ निफाडकडचा, शेतकऱ्याचा मुलगा. येवल्याकडच्या एक मावशी होत्या. त्या दोन वर्षांपूर्वी साक्षरता वर्गात अक्षरे शिकल्या. तिसरे वर्गाचे गुरुजी, आणि चौथे हे लिहिणारे आम्ही.

होळी होऊन गेली होती. वणीवरून सापुताऱ्याचा घाट ओलांडला आणि गुजरातेत उतरलो. सुरत, अहमदाबाद, पालनपूर, बाडमेर असे मुक्काम करत जैसलमेर गाठले. हजार किलोमीटरच्या आसपास रस्ता झाला.

चार चाकांची ओढ

साध्या मोटारीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते. उरलेली दोन चाके नुसती मागे-पुढे फिरतात. आमच्या गाडीत एक दांडा होता. तो ओढला की ताकद चारही चाकांना जाई. दोन चाके घसरली तरी बाकीची दोन गाडी ओढतात. चिखलात, चढणीवर, वाळूत याचा उपयोग होतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अशा जीपगाड्या फौजेसाठी केल्या. पुढे मुंबईत त्या जोडल्या जाऊ लागल्या, आणि आपल्याकडे खेडोपाडी जीप पोचली.

गाडी अशी जोरकस, म्हणून आम्हाला थोडा ताठा आला होता. तो कसा उतरला, ते आता ऐका.

पाटी वाचली, पण...

जैसलमेरहून पश्चिमेला चाळीस किलोमीटरवर सम नावाचे गाव आहे. तेथे वाळूच्या मोठमोठ्या टेकड्या आहेत. त्यांच्याही पुढे एका वस्तीवर आम्हाला जायचे होते. डांबरी रस्ता सुटला. एका फाट्यावर लाकडी पाटी दिसली. पाटी हिंदीत होती. पण हिंदीची अक्षरे आणि आपली अक्षरे एकच. मावशींनी एकेक अक्षर जोडून मोठ्याने वाचले, "आ-गे रे-त है."

मग त्या म्हणाल्या, "रेत म्हणजे आपली रेतीच ना हो गुरुजी? पुढं रेती आहे म्हणतात."

गुरुजी म्हणाले, "बरोबर वाचलंत."

भाऊ हसला. म्हणाला, "मावशी, आपल्या गाडीला चार चाकांची ओढ आहे. काळजी नको."

आम्हीही हसलो. पुढे गेलो. दोन-तीन किलोमीटरवर गाडी मंदावली. भाऊने जोर दिला. चाके गरगर फिरली, वाळू उडाली, गाडी मात्र जागची हलेना. भाऊने आणखी जोर दिला. चाके आणखी खाली गेली. पाहता पाहता गाडी पोटावर टेकली. चारही चाकांची सगळी ओढ खड्डा खणण्यातच गेली.

दुपारचे बारा वाजले होते. झाड नाही, घर नाही. फोन लागेना. पाणी काढायला डबा उघडला, तर डबा अर्ध्याहून रिकामा! झाकणाचे आटे नीट बसले नव्हते. वाटभर पाणी गळत आले होते. डबा आम्हीच भरला होता, आम्हीच लावला होता. दोष गाडीचा नव्हता, आमचा होता. उन्हात एका माणसाला दिवसाला चार-पाच लिटर तरी पाणी लागते. चौघांत उरले सहा लिटर.

भाऊ म्हणाला, "मी चालत जाऊन माणसं घेऊन येतो."

गुरुजींनी त्याला थांबवले. "लांबून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. वाळूत वाट चुकलास तर तुला कुठं शोधायचं? गाडीची सावली सोडायची नाही."

आम्ही गाडीच्या सावलीत बसून राहिलो. मावशींनी पाणी आपल्या ताब्यात घेतले आणि फुलपात्राने मोजून दिले. कोणी फार बोलत नव्हते. भाऊचा चेहरा उतरला होता. तो हळूच म्हणाला, "मावशी, तुम्ही वाचलं होतं. मीच ऐकलं नाही." मावशी म्हणाल्या, "असू दे रे. मला तरी कुठं खात्री होती?"

उंटाचा पाय पाहा

तीनच्या सुमारास घंटा वाजल्या. मेंढ्यांचा कळप आला, मागे उंट, आणि उंटाबरोबर एक म्हातारे बाबा. "राम राम सा," ते म्हणाले. गाडीकडे त्यांनी पाहिलेही नाही. उंटावरची पाण्याची पिशवी सोडली आणि पहिल्यांदा आम्हाला पाणी पाजले. गाडीची चौकशी नंतर.

मग त्यांनी उंटाच्या पायाकडे बोट दाखवले. उंटाचा तळवा रुंद आणि मऊ असतो. वाळूवर तो पसरतो, म्हणून रुतत नाही. बैलाचा खूर टणक आणि लहान, तो रुततो. बाबा म्हणाले, "तुमची चाकं खुरासारखी कडक आहेत. हवा सोडा."

भाऊने चाकांतली हवा मोजली. 32 पौंड होती. ती 18 पौंडांवर आणली. चाके बसकी झाली, जमिनीवर पसरली. मग सामान उतरवले. हातांनी आणि थाळीने चाकांपुढची वाळू काढली. बाबांनी फोग नावाच्या झुडपाच्या वाळक्या काटक्या आणल्या आणि चाकांखाली घातल्या.

भाऊ एकदम म्हणाला, "अहो, हे तर मला ठाऊक होतं! नदीच्या वाळूत ऊस भरलेली गाडी रुतली, की आमचे आजोबा हेच करायचे. आधी ओझं उतरवायचं. चाकाखाली पाचट घालायचं. बैलांना मारायचं नाही, दमानं काढायचं."

खरेच की! गाडी इंजिनाची असो नाहीतर बैलांची, वाळूची रीत एकच. जोर कमी, सबुरी जास्त. भाऊने खालचा गियर टाकला, हळूहळू जोर दिला. आम्ही मागून रेटा दिला. गाडी डुलली, काटक्यांवर चढली आणि बाहेर आली.

डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी मात्र चाकांत पुन्हा हवा भरावी लागते. बसकी चाके रस्त्यावर वेगाने पळवली तर तापून फुटतात. आमच्याजवळ पंप होता. तेवढे तरी आम्ही विसरलो नव्हतो.

पावसाचा हिशोब

बाबा आम्हाला आपल्या ढाणीवर घेऊन गेले. ढाणी म्हणजे शेतातली वस्ती. तेथे पाहायला आलो होतो ते दिसले. ते होते टाके.

टाके म्हणजे जमिनीत बांधलेला पाण्याचा हौद. आतून गिलावा, वरून झाकण. भोवतालची जमीन साफ आणि कडक केलेली, हौदाकडे उतार दिलेला. या जमिनीला आगोर म्हणतात. आगोरावर पडलेला पाऊस उताराने टाक्यात उतरतो. आगोरावर जोडे घालून जायचे नाही, गुरे फिरकू द्यायची नाहीत. आम्हीही जोडे काढले.

झाकणाला कुलूप होते. मावशींनी घरच्या बाईला खुणेने विचारले, "ताई, पाण्याला कुलूप कशाला?" ती हसली. तिकडे एक म्हण आहे. तूप सांडले तर काही जात नाही, पाणी सांडले तर जीव जळतो. मावशींनी बरोबर आणलेले नाशिकचे बेदाणे तिच्या ओंजळीत घातले. पाण्याचे पैसे मात्र त्या घराने घेतले नाहीत.

रात्री गुरुजींनी हिशोब मांडला. तुम्हीही पाटीवर मांडा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी होते. आता आपले घर घ्या. पत्रा दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद. म्हणजे 50 चौरस मीटर. वर्षाचा पाऊस 500 मिलिमीटर धरा. 50 गुणिले 500 म्हणजे 25,000 लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी 20,000 लिटर उरतात. दहा हजार लिटरचे दोन टँकर झाले!

मावशी बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, "दोन टँकर दर साली माझ्या पत्र्यावरून वाहून जातात, आणि मी हंडा घेऊन रांगेत उभी राहते."

शहरातला नळ

दुसऱ्या दिवशी निघालो. पोकरणवरून जोधपूर. 280 किलोमीटर सरळ रस्ता. वाटेत वाळू कमी झाली, खेजडीची झाडे वाढली. खेजडी म्हणजे आपली शमी. संध्याकाळी डोंगरावर मेहरानगड दिसला. राव जोधा यांनी 1459 साली तो बांधायला घेतला. खाली निळ्या घरांचे मोठे शहर. 2011 च्या जनगणनेत येथे दहा लाखांवर माणसे होती. तेथे कोरडवाहू मुलखातली शेती आणि पाणी यांचा अभ्यास करणारी सरकारी संस्था आहे. ती 1959 पासून चालते. तेथे आम्ही टाक्यांचे नमुने पाहिले आणि मापे लिहून घेतली. मापे मावशींनी स्वतःच्या हाताने वहीत उतरवली.

रात्री धर्मशाळेत उतरलो. ओसरीतला नळ कोणीतरी उघडा टाकला होता. पाणी भळाभळा वाहत होते. हे पाणी कोठून येते, ठाऊक आहे? पंजाबात हरिके येथे सतलज आणि बियास या नद्या मिळतात. तेथून इंदिरा गांधी कालवा निघतो. त्याचे काम 1958 साली सुरू झाले. सहाशे किलोमीटरहून लांब असा हा कालवा आहे. त्यातले पाणी उपसून जोधपूरला आणतात. एवढ्या लांबून आलेले पाणी मोरीत चालले होते.

भाऊ दमलेला होता. अंथरुणावर पडला होता. तो मुकाट्याने उठला, नळ बंद करून आला आणि पुन्हा झोपला.

लक्षात ठेवा

वाळूत जोर केला की चाक रुतते. ओझे उतरवा, हवा कमी करा, सावकाश निघा.
आडवाटेला एकट्या गाडीने जाऊ नये. दोन गाड्या असाव्यात.
पाणी एकाच डब्यात ठेवू नये. झाकण दोनदा तपासावे.
गाडी अडली तर ती सोडून भटकू नये.
वाटेल तेथे गाडी घालू नये. माळढोक पक्षी उघड्या जमिनीवरच अंडे घालतो.
पाटी वाचता आली, एवढ्याने भागत नाही. वाचलेले मानावेही लागते.

सांगा पाहू

1. उंटाचा पाय वाळूत का रुतत नाही?
2. पाटी वाचूनही गाडी का रुतली?
3. आगोरावर जोडे घालून का जात नाहीत?
4. तुमच्या घराच्या छपराची लांबी-रुंदी मोजा. तुमच्या गावात वर्षाला किती पाऊस पडतो ते तलाठ्याकडे विचारा. किती लिटर पाणी होईल, ते काढा.