हाक पोचते कशी?

फोन नुसता खिशात ठेवला तर आपला ठावठिकाणा कोणास कळत नाही, असे आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस वाटते. ते खरे नव्हे. हाक पोचवावयाची तर फोन कोणत्या टापूत आहे हे कंपनीस आधी ठाऊक असावे लागते. म्हणून तो मुकाट्याने टॉवरास वर्दी देत असतो. कॉल आला, की त्या टापूतील सारे टॉवर एकदम त्याचे नाव पुकारतात. हे नाव खरे असते, तर ऐकणाऱ्या कोणासही माणसाचा माग लागता. यास्तव १९९१ साली फिनलंडमध्ये प्रथम चालू झालेल्या जीएसएम पद्धतीत तात्पुरत्या टोपणनावाची युक्ती योजिली. सिमकार्डातील १५ अंकी खरे नाव सहसा उच्चारीत नाहीत.

सहसा म्हणण्याचे कारण असे, की त्या पद्धतीत फोनाने आपली ओळख पटवावयाची, टॉवराने मात्र नाही! त्यामुळे एखाद्या तोतया टॉवराने विचारले, तरी फोन भाबडेपणाने खरे नाव सांगून मोकळा होई. टॉवराच्या बाजूनेही ओळख पटविण्याचे बंधन तिसऱ्या पिढीत आले. तरी खरे नाव उघड्यावर मागण्याची वाट राहिलीच. ते कुलूपबंद करून धाडण्याची सोय पाचव्या पिढीची. फार उशीर झाला, असे आम्हांस वाटते. कंपनीपासून मात्र टापू लपविता येत नाही. तो तिला ठाऊक नसेल, तर घरची हाकही पोचणार नाही.