बालशिक्षणाचा ओनामा घरच्या अंगणात

सायंकाळच्या सुमारास हर्णेच्या पुळणीवर उभे राहिले म्हणजे एक मोठी शाळाच भरल्यासारखी वाटते. मचव्यांतून उतरलेली मासळी टोपल्यांतून किनाऱ्यावर येते. लिलावाचे पुकारे सुरू होतात. बोली चढते, थांबते आणि तुटते. थोड्या अंतरावर कोळी भगिनी मासळीचे वाटे लावीत असतात. मोठा बांगडा इकडे, दोन लहान तिकडे, असे करीत सारे वाटे सारखे दिसेपर्यंत त्यांचे हात चालत राहतात. जवळच चारपाच वर्षांचे एखादे मूल ओल्या वाळूत शिंपल्यांचे स्वतःचे वाटे मांडून बसलेले असते.

हे मूल खेळत आहे, असे आपण म्हणतो. वस्तुतः ते भागाकार शिकत आहे. ‘वाटा’ या एकाच शब्दात ढीगही आहे आणि हिस्साही आहे. पुढे तिसरी-चौथीच्या वर्गात ज्या भागाकारापाशी अनेक मुले अडखळतात, त्याचा अर्थ या मुलाच्या हातांना आधीच कळलेला असतो. मात्र हे त्याला कोणी सांगत नाही, आणि त्याच्या आईलाही सांगत नाही. ‘आम्ही काय शिकवणार? आमचे शिक्षण ते कितीसे!’ असे म्हणून ती माता मुलाच्या शिक्षणाचा सारा भार शाळेवर टाकून मोकळी होते. लहान मुलांच्या गृहशिक्षणातील खरी उणीव साधनांची नाही, या आत्मविश्वासाची आहे. ती कशी भरून काढता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बोर्डी आणि कोसबादचा धडा

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने पूर्वीच शोधलेले आहे. इटलीतील डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहरातील श्रमिकांच्या वस्तीत आपले पहिले बालगृह सुरू केले. मूल हातांनी शिकते, ज्ञानेंद्रियांनी शिकते आणि स्वतःच्या गतीने शिकते, हा त्यांचा सिद्धांत होता. तो भारतीय भूमीत रुजविण्याचे कार्य भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी ते पुढे महाराष्ट्रात आणले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली.

परंतु माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती आणि ती शहरातील सुस्थितीतील घरांपुरतीच राहण्याचा धोका होता. हे ओळखून ताराबाईंनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी म्हणून तेथे आल्या. १९५७ साली हे कार्य कोसबादच्या टेकडीवर गेले. ही दोन्ही गावे आज पालघर जिल्ह्यात आहेत. तेथे विकत आणलेल्या साधनांची जागा खडे, शिंपले, बिया, पाने, काड्या आणि माती यांनी घेतली. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ या शब्दाचे मूळ या प्रयोगात आहे. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाल्या. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा प्रारंभ झाला आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

या इतिहासाचे तात्पर्य एवढेच की, अंगणवाडी ही मुळात इमारत नव्हती. मुलाच्या घरापर्यंत आणि त्याच्या माणसांपर्यंत पोहोचण्याची ती एक रीत होती. आज इमारती झाल्या, पोषण आहार आला, नोंदवह्या आल्या, ही प्रगती स्वागतार्हच आहे. तथापि अंगणाचा आणि अंगणवाडीचा जुना संबंध मात्र पुन्हा जोडावयास हवा.

दापोली तालुक्याला तर हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. हर्णेपासून जवळच असलेल्या मुरुड या गावी महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण गेले. याच तालुक्यातील पालगड येथे २४ डिसेंबर १८९९ रोजी साने गुरुजींचा जन्म झाला. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी लिहिलेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकातील माता मुलाला घडविते, ती पाटी-पुस्तकाने नव्हे, तर रोजच्या घरकामातून आणि वागणुकीतून.

घरातील सहजसाध्य उपक्रम

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी कोकणातील कोणत्याही घरी करता येण्याजोगे काही उपक्रम येथे दिले आहेत. त्यांसाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. चाललेल्या कामात मुलाच्या हाताला थोडी जागा करून द्यावी लागते, एवढेच.

निवडणे आणि जुळविणे : शिंपले, चिंचोके, काजूबिया आणि गुळगुळीत खडे एका टोपलीत मिसळून मुलापुढे ठेवावेत. प्रथम त्याने जातीप्रमाणे वेगळे करावे. पुढे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत मांडावे. ‘हा येथे का ठेवलास?’ एवढेच विचारावे. मुलाने दिलेले कारण आपल्याला अपेक्षित नसले तरी ते ऐकून घ्यावे. वर्गीकरण आणि क्रम हा सर्व गणिताचा पाया होय.

वाटे करणे : बारा शिंपले घेऊन घरातील चार माणसांचे सारखे वाटे करावयास सांगावे. मग पाचवे माणूस आले तर काय होईल, हे मुलाने करून पाहावे. दोन शिंपले उरतात, त्यांचे काय करावयाचे, यावर त्याच्याशी बोलावे. बाकी उरणे म्हणजे काय, हे असे एकदा हाताने कळले की फळ्यावर ते परके वाटत नाही.

मोजणे आणि मापणे : एक कळशी किती तांब्यांनी भरते आणि एक तांब्या किती करवंट्यांनी भरतो, हे मुलाने आधी अंदाजाने सांगावे आणि मग भरून पाहावे. अंदाज चुकला तर हसू नये. अंदाज करणे आणि तो पडताळून पाहणे ही विज्ञानाची पहिली पायरी आहे.

बोटांची तयारी : अक्षर गिरविण्यापूर्वी बोटांत बळ आणि नेमकेपणा यावा लागतो. भाकरीच्या पिठाचा लहान गोळा वळणे, तांदळातील खडे वेचणे, फुले ओवणे, ठिपक्यांची रांगोळी काढणे, जाळ्याच्या तुकड्यातून दोरी ओवणे या सर्व कामांतून लेखनाची पूर्वतयारी होते. नंतर ओल्या वाळूत बोटाने रेघा, वर्तुळे आणि शेवटी अक्षरे काढावीत. वाळूत चुकलेले अक्षर हाताने पुसता येते, म्हणून मूल तेथे भीत नाही. सागरगोट्यांच्या खेळात तर डोळा, हात आणि संख्या यांची एकत्र कसोटी लागते.

पाहणे आणि सांगणे : भरतीच्या वेळी पाणी कोठवर आले ते काठी रोवून दाखवावे आणि ओहोटीला पुन्हा पाहावयास न्यावे. दुसऱ्या दिवशी भरती सुमारे पाऊण तास उशिरा येते, हे चारपाच दिवसांत मुलाच्याही लक्षात येऊ लागते. आजोबांना विचारावे, म्हणजे ते तिथीची पाऊणपट करून भरतीची ढोबळ वेळ सांगतील. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. जुन्या शाळांतील पाऊणकी अशी समुद्राकाठी रोज उपयोगात येत असे. लहान मुलाला हा हिशेब कळणार नाही, आणि कळावा असा आग्रहही नको. परंतु आपल्या घरातील माणसे आकाशातील चंद्राकडे पाहून समुद्राची वेळ सांगू शकतात, हे पाहून त्याला वाटणारे आश्चर्य हेच पुढील अभ्यासाचे बीज आहे.

गोष्ट आणि बोली : समोरच्या पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नोंद झालेल्या बारा मराठा दुर्गांपैकी तो एक आहे. त्याची गोष्ट आजीने आपल्या शब्दांत सांगावी. हर्णेच्या परिसरात कोळी बोली आहे, कोकणी मुसलमान कुटुंबांची वेगळी बोली आहे. घरी त्या बोलीतच मनसोक्त बोलावे. माशांची, वाऱ्यांची, दोऱ्यांची आणि होडीच्या भागांची नावे ही त्या बोलीची संपत्ती आहे. ज्या मुलाजवळ घरच्या भाषेत भरपूर शब्द आहेत, त्याला शाळेची भाषा शिकणे सोपे जाते. घरची बोली ‘अशुद्ध’ म्हणून तोडून टाकली तर मूल दोन्ही भाषांत मुके होते.

खेळ आणि राबणूक यांतील सीमा

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. कामातून शिक्षण याचा अर्थ मुलाला कामाला जुंपणे असा नव्हे. आईशेजारी बसून चार कोळंब्या मोजणारे मूल शिकत असते. टोपली संपेपर्यंत कोळंबी सोलावयास बसविलेले मूल राबत असते. या दोहोंतील सीमा ओळखण्याची खूण सोपी आहे. मुलाला वाटेल तेव्हा उठून जाता येते काय? त्याच्या हातून चुकले तर कोणाचे नुकसान होत नाही ना? या प्रश्नांची उत्तरे ‘होय’ असतील, तरच तो उपक्रम शिक्षण होय. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकाला २००९ च्या कायद्याने मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला आहे. मोठ्या भावंडांचा तो हक्क घरकामाच्या नावाखाली बुडू नये, याकडेही लक्ष असावे.

सुरक्षिततेचेही भान ठेवावे. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती बिया किंवा लहान खडे देऊ नयेत, कारण ते तोंडात घालण्याचा धोका असतो. विहिरीजवळ वा पाण्याच्या काठी मोठे माणूस हाताच्या अंतरावर असावे.

याच्या उलट टोकाची चूकही टाळावी. काही पालक तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन त्याच्याकडून पानेच्या पाने गिरवून घेतात आणि त्यालाच शिक्षण समजतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला असून त्यात खेळ आणि कृती यांवर भर दिला आहे. बोर्डी-कोसबादच्या अंगणात जे सुरू झाले होते, त्यालाच या धोरणाने दुजोरा दिला आहे असे म्हणता येईल.

पंचायत आणि शाळेने काय करावे?

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. होड्या किनाऱ्यावर शाकारल्या जातात, जाळ्यांची दुरुस्ती चालते आणि एरवी समुद्रावर असणारे वडील घरी असतात. जून महिन्यातच नवे मूल पहिलीच्या वर्गात पाऊल ठेवते. हा योगायोग शिक्षणाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. एरवी सायंकाळी आई लिलावात आणि वडील दर्यावर असतात. या दोन महिन्यांत मात्र दोघांनाही मुलासाठी सवड काढता येते. किनारपट्टीच्या गावांनी पालकांच्या भेटी आणि मेळावे याच काळात घ्यावेत, अशी सूचना करावीशी वाटते.

अंगणवाडी सेविका आणि पहिलीचे शिक्षक यांनी मिळून प्रत्येक वाडीत पाचसहा मातांचा गट करावा. २०२२ साली ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात असे मातांचे गट राज्यात तयार झाले होते. त्या अनुभवाचा येथे उपयोग होईल. गटात व्याख्यान देऊ नये. एका मातेला मासळीचे वाटे लावून दाखवावयास सांगावे आणि त्यात मुलाला काय शिकता येईल, हे इतरांनी सांगावे. वडिलांनाही वगळू नये. जाळे विणणाऱ्या हातांना गाठ, अंतर आणि आकृतिबंध यांचे जे ज्ञान आहे, ते शाळेत एक दिवस मुलांपुढे मांडता येईल.

ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नापैकी दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. तिच्यातून रंगीत प्लास्टिकची खेळणी आणण्यापूर्वी अंगणवाडीपुढील अंगण सारखे करणे, वाळूचा हौद बांधणे, सावलीसाठी मांडव घालणे आणि चित्रांची चार चांगली पुस्तके घेणे, हा क्रम अधिक हिताचा ठरेल. पर्यवेक्षक अधिकाऱ्यांनी भेटीच्या वेळी मुलाला किती अक्षरे येतात हे विचारण्याआधी, आज तुझ्या हातांनी काय केलेस, हे विचारावे. अधिकारी जे विचारतो तेच गावात महत्त्वाचे ठरते, हा सर्वांच्याच अनुभवाचा भाग आहे.

समारोप

निरक्षर किंवा अल्पशिक्षित माता ही शिक्षणातील अडचण आहे, असे आपण नकळत मानत आलो. तिला मापता येते, वाटता येते, भाव ठरविता येतो, वारा आणि पाणी ओळखता येते. हे ज्ञान पुस्तकात नाही म्हणून ते ज्ञानच नाही, असे तिला वाटते, आणि आपणही तिला तसेच वाटू दिले. तिचा हा समज दूर करण्यास निधी लागत नाही, आदेशही लागत नाही. शाळेच्या दारात उभ्या असलेल्या त्या मातेला आत बोलावून, ‘बाई, तुमच्या मुलाला वाटे फार छान करता येतात, हे त्याला तुम्हीच शिकविलेत’, असे एका शिक्षकाने सांगितले, तरी या कामाचा प्रारंभ झाला असे समजावे. उद्या सायंकाळी लिलाव आटोपल्यावर ती आपल्या मुलाशेजारी वाळूत घटकाभर बसेल आणि विचारील, ‘बघू, तुझे वाटे सारखे झाले का?’