गीझर गेला, आता काय घ्यायचं?

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत घरी, सांगोल्याला पोचलो तर पहिली बातमी गीझर गेल्याची. आप्पा म्हणाले, "तू मेकॅनिकलला हाईस न्हवं? मग तूच सांग, नवा कुठला आणायचा." बॉयलरच्या पेपरात पास झालेल्या माणसाला घरचा गीझर निवडता येऊ नये म्हणजे लाजच.

आधी जुना खोलून बघितला. तळाशी मूठ-मूठ पांढरा चुना आणि कॉईलवर कडक थर. टाकीऐवजी स्वतः झिजावा म्हणून आत मॅग्नेशियमचा रॉड असतो, त्याची नुसती तार उरली होती. आमच्याकडे बोअरचं पाणी. त्यातलं विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापवलं की कार्बोनेट होऊन खाली बसतं. केमिस्ट्रीत 'तात्पुरता जडपणा' म्हणून पाठ केलं होतं ते हेच. हा थर उष्णता नीट जाऊ देत नाही, त्यामुळे कॉईल आतल्या आत तापून जळते. मागचा गीझरही असाच गेला होता. म्हणजे कंपनी बदलून काही होणार नव्हतं, दुखणं पाण्याचं होतं.

मग हिशोब मांडला. घरात पाच माणसं, माणशी एक बादली म्हणजे 100 लिटर. 20 अंशांचं पाणी 40 वर न्यायचं. 100 गुणिले 20 गुणिले 4.186, म्हणजे सुमारे 8400 किलोज्यूल, म्हणजे साधारण 2.3 युनिट रोज. महिन्याला सत्तर युनिट, टाकीतून वाया जाणारी उष्णता वेगळी. 25 लिटरची टाकी 60 अंशांवर तापवून गार पाण्यात मिसळली तर 50 लिटर होतं, म्हणजे अडीच बादल्या. तिसऱ्या माणसाने वाट बघायची.

धाकट्या काकांचं मत गॅस गीझरचं. माझ्या हिशोबाने त्याला महिन्याला जवळजवळ अर्धा सिलेंडर लागला असता, ते एक वेळ चाललंही असतं. पण आमची न्हाणी बंदिस्त, खिडकी वीतभर, आणि आजी कडी लावून सावकाश अंघोळ करते. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साईड निघतो. त्याला ना रंग, ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. इथे मी हट्टच धरला. बसवायचाच तर न्हाणीच्या बाहेर, उघड्यावर, नाहीतर नको. काका दोन दिवस बोलले नाहीत.

राहिलं सोलर. उन्हाची तर आपल्याकडे चैन! पण त्यातही निवड आहेच. सपाट पेटीच्या प्रकारात तांब्याच्या बारीक नळ्या असतात, त्या आमच्या पाण्याने चोंदणार. काचेच्या नळ्यांच्या प्रकारात दुहेरी काच, मध्ये निर्वात पोकळी, आणि नळी चांगली सुमारे दोन इंच व्यासाची. क्षार त्यातही बसतोच, पण वाट बंद व्हायला वेळ लागतो आणि नळी काढून धुता येते. ऊन्ह लागलं की पाणी हलकं होऊन आपोआप वर टाकीत चढतं, पंप लागत नाही. अडचण एकच निघाली. गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच हवी, आणि आमची स्लॅबलाच टेकलेली. वेल्डरकडून लोखंडी स्टँड करून घेतला तेव्हा आप्पा म्हणाले, "सोलरपेक्षा ह्या घोड्याचाच खर्च दिसतोय."

शेवटी 100 लिटरचं सोलर दक्षिणेकडे तोंड करून बसवलं. टाकीच्या तळाला गाळ सोडायला जादा कॉक घेतला. दर दोन महिन्यांनी तो उघडायचं काम धाकट्या भावाकडे.

ढगाळ दिवसांसाठी आजीने माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली काढायला लावला. मधून धुराची नळी आणि भोवती पाणी, आपल्या पुस्तकातल्या फायर ट्यूब बॉयलरचा हा सख्खा चुलतभाऊच की! जळण म्हणून डाळिंबाच्या छाटणीच्या काटक्या बांधाला पडलेल्याच असतात. आतला चुना तेवढा मला खरवडावा लागला, दोन तास.